शेपटाकडून मोडी

मोडी शिकायची तर आधी अ, मग आ, मग क-ख, असं सारं जग शिकत आलं. आमच्या प्रयागबाई मोडी शेपटाकडून शिकवायच्या. माझ्या नातवंडांना मोडीचं एक अक्षर ओळखू येत नाही, आणि त्यांच्या शाळेतल्या नव्या नव्या पद्धतींचं कौतुक ती मला ऐकवत असतात. ऐकते मी. पण प्रयागबाईंसारखी शिकवणारी मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे म्हणायला मला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

गोष्ट आसेगावची, इंग्रज होता तेव्हाची. पोथी बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत, अशी त्या वेळची वाटणी होती. बाळबोधीत प्रत्येक अक्षर सुटं. एक लिहायचं, हात उचलायचा, दुसरं लिहायचं. मोडीचं तसं नाही. आधी पाटीभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात सोडायचा, तो शब्द संपेपर्यंत शक्यतो उचलायचाच नाही. एका अक्षरातून हात तसाच दुसऱ्या अक्षरात शिरतो. मुलग्यांच्या शाळेत गुरुजी छडी घेऊन ही मोडी शिकवायचे आणि मुलगे रडत रडत शिकायचे. पोरींना पोथी वाचता आली की गंगेत घोडं न्हालं, असं गावाचं मत होतं.

प्रयागबाई माहेरच्या कारंज्याच्या. वडील तिथं कापसाच्या एका पेढीवर लिहायला होते, त्यांच्या मांडीवर बसून बाईंनी मोडी उचललेली. नवरा लवकर गेला. मग मास्तरणीचं शिक्षण घेऊन त्या आमच्या गावात पोरींच्या वर्गावर आल्या. उंच, काळ्यासावळ्या, आवाज पुरुषासारखा जाडा. देवळामागच्या धर्मशाळेत आमचा वर्ग भरायचा आणि त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं की या पोरी मोडीही शिकतील.

“मोडी बिघडते कुठं, थे पाहा,” आमच्या पाट्या उलटसुलट करून पाहत त्या म्हणाल्या. “सुरुवात साऱ्याइची झोकात होते. शेवट आला का हात घाबरते. म्हनून आपन शेवट आधी शिकू. घरची वाट पाठ असली म्हंजे ढोर कुठंई चरो, सांजच्याले बराबर दावनीले येते.”

शेवट म्हणजे कोणता? तर ‘राव’. गावातला प्रत्येक बाप्या शेवटी राव असतो, मग घरात भाकर असो नसो. पाटीभर राव, राव, राव. आई रोज विचारायची, आज काय शिकली? मी म्हणायची, राव. दुसऱ्या दिवशी काय? राव. आई म्हणाली, “मास्तरीणले एकच शब्द येते काय वो?” मग ‘बाई’ आलं. त्यानंतर ‘गाव’ आणि ‘पूर’. अशी चारपाच शेपटं हातात इतकी मुरली की डोळे मिटूनही निघायला लागली.

आणि मग एका सकाळी बाईंनी फळ्यावर आमच्या पाटलाचं नाव घातलं. उकंडराव. “पुढचं माह्या मागं काढा,” म्हणाल्या, “मांगचं तुमाले येते.” मी ‘उकंड’ कसंबसं ओढलं, आणि पुढे हात आपोआप गेला. थांबला नाही, घाबरला नाही, सरळ ‘राव’ काढून मोकळा झाला. पाटीवर माझ्या हातचा आख्खा जोडलेला शब्द होता. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुढे लग्नातही झाला नाही, खरं सांगते.

मग काय, सारं गावच हाती आलं. रावांना शेपूट एक, बाईंना एक. बदलायचं ते फक्त पुढचं डोकं. प्रयागबाई घरोघरची नावं सांगायच्या, आम्ही मोठ्यानं म्हणत म्हणत ती लिहायचो, पाटी भरली की पुसायचो आणि पुन्हा लिहायचो. गावातल्या माणसांचीच नावं का, असं मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, “आंब्याचं अन् कमळाचं चित्र काढून कोनाचं मन भरते? आपल्या मानसाचं नाव काढाले हात जीव लावते.”

साऱ्यांत देखणा हात होता पंचफुलेचा. ती आमच्या शेजारच्या बबनरावांची सून. आमची आणि त्यांची भिंत एकच. मेडशीची पोर, तेरा-चौदा वर्षांची, त्याच वर्षी नांदायला आलेली. सासू रुखमाबाई कडक. पण रुखमाबाईंची लेक दूर दिली होती आणि तिचं पत्र आलं की ते चावडीवर नेऊन वाचून घ्यावं लागे. लेकीचं दुखणंखुपणं आधी साऱ्या गावाला कळायचं आणि मग आईला. म्हणून सुनेला शिकू दे, असं रुखमाबाईंनीच ठरवलं होतं. पंचफुला पहाटे दळण आटोपून, पाणी भरून, पाटी पदराखाली घेऊन धावत यायची. मला म्हणायची, “घरी मी सून असतो चंदे. अठी आली का पंचफुला होतो.” शिकण्याचं तिला वेडच लागलं होतं. तिची ओळ पाहिली की वाटायचं, हात कुठं टेकला आणि कुठं उचलला हे कुणी दाखवूनच द्यावं.

एक अडचण होती. नवऱ्याचं नाव जगदेव आणि सासऱ्याचं बबनराव, ही दोन्ही नावं तिला तोंडानं घेता येईनात. आम्ही मोठ्यानं म्हणत लिहायचो, तिथं ती ओठ घट्ट मिटून लिहायची. पोरी फिदीफिदी हसायच्या. प्रयागबाई म्हणायच्या, “हसा नोका. तोंड बंद अन् हात चालू. असं साऱ्याइले जमलं असतं तं वर्गात केवढी शांतता राह्यली असती.”

भादव्यात गावभर हिवताप चालू होता, तेव्हाची गोष्ट. रुखमाबाई सुनेला घरी बोलवायला म्हणून धर्मशाळेत आल्या. नेमकी त्याच वेळी पंचफुला पाटी पुसत होती. प्रयागबाईंनी प्रत्येकीला ओलं फडकं आणायला सांगितलेलं, पण फडकं कोण रोज भिजवून आणतं? पाटीवर थुंकायचं आणि तळव्यानं पुसायचं, अशी आमची रीत. पंचफुलाही तशीच पुसत होती.

“काय पुसून राह्यली व?” रुखमाबाईंनी विचारलं.

पंचफुला काय सांगणार? नाव तोंडानं घ्यायचं नाही. तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी मोठ्या हौसेनं ओरडली, “बबनराव!”

रुखमाबाई तडक पुढे आल्या. सुनेचं मनगट धरलं आणि निघून गेल्या. आणि कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसं झालं. त्याच संध्याकाळी बबनराव शेतातून आले ते हुडहुडी भरूनच. घरातल्या साऱ्या गोधड्या घातल्या तरी थंडी हटेना. गावात अर्धी माणसं तापानं पडली होती, पण त्यांच्या नावांवर कुणाला थुंकताना कुणी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रुखमाबाई दारोदार फिरल्या. “तुमच्या धन्याचं नाव पोरी दिवसभर लेहून राह्यल्या अन् थुकीनं पुसून राह्यल्या. जित्या मानसाचं नाव. तुमाले माईत होतं काय?” माहीत तर सगळ्यांना होतं. नावं लिहितात म्हणून कौतुकही झालं होतं. पण लिहिलेलं पुसलंही जातं, हा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि एकदा आला तो जाईना. आठवडा संपायच्या आत वर्ग रिकामा झाला. पाटील चांगला माणूस, त्याची स्वतःची पोर कस्तुरा आमच्या वर्गात होती. त्यानं चारचौघांत बोलून पाहिलं. पण गाव करी ते राव न करी. मी आणि कस्तुरा तेवढ्या जात राहिलो. माझे वडील आधीच वारले होते, त्यांचं नाव पुसलं जाण्याची आईला आता भीती नव्हती.

मला वाटलं, प्रयागबाई आता चिडतील. शिकलेल्या होत्या, अडाणीपणा म्हणून चार शब्द सुनावतील, किंवा शाळाखात्याच्या साहेबाला कळवून पाटलामार्फत दम भरतील. वर्गात पोरीच नसतील तर वर्ग बंद व्हायचा, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या, माझ्या आईशी दोन शब्द बोलल्या आणि शेजारी गेल्या. मी मागोमाग.

रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. आत बाजेवर बबनराव कण्हत होते आणि चुलीपाशी पंचफुला काढा उकळत होती. रुखमाबाईंनी सूप खाली ठेवलं नाही. “मास्तरीनबाई, मले भांडाचं नाई. पन माह्या कुंकवाचं नाव माह्याच सुनेनं थुकीनं पुसलं.”

“पुसलं,” प्रयागबाई म्हणाल्या. “तुमचं खरं हाये. चूक माही हाये.”

रुखमाबाई भांडायची सगळी तयारी करून बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“आमचे धनी गेले,” प्रयागबाई म्हणाल्या, “तवा सासऱ्यानं घरच्या कागदावरून त्याइच्या नावावर काट मारली. माह्यासमोर. मानूस गेल्यावर जे वाटलं नव्हतं, थे मले त्या काटीनं वाटलं. हे मले माईत असून बी म्या पोरीइले नावं पुसू देल्ली. मले समजाले पायजे होतं. आता पोरी कोन्या जित्या मानसाचं नाव पुसनार नाईत.”

“पन माही सून येनार नाई.”

“तुमाले पटन तवा पाठवा. नाई पटलं तं नोका पाठवू.” एवढं बोलून त्यांनी आत पाहिलं, पंचफुलेकडे. पंचफुला चुलीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. प्रयागबाई निघाल्या.

वाटेत मी रागानं म्हणाले, “बाई, तापाचा अन् पाटीचा काय संबंध? ताप तं साऱ्याइलेच हाये.”

“संबंध नाई,” त्या म्हणाल्या. “पन रुखमाबाईचा जीव तुटून राह्यला, थे खोटं हाये काय?”

पुष्कळ शिकलेली माणसं मी पुढे पाहिली. कुणाला चूक ठरवायचं ते त्यांना लगेच कळायचं. समोरच्याला कशाचं भय वाटतं ते कळणारी थोडी, आणि ते कळल्यावर स्वतः वाकणारी त्याहून थोडी. प्रयागबाईंचा मला जो अभिमान आहे तो मोडीच्या वळणाइतकाच त्या संध्याकाळचाही आहे.

आता नावं लिहायची तर पुसायची नाहीत, आणि पुसायची नाहीत तर रोज सराव कशावर करायचा? बाईंनी गावांची नावं काढून पाहिली. आसेगाव, कामरगाव. तेव्हा गावातल्या एका बाईनं शंका काढली की आसेगाव पुसलं तर आपण सगळेच पुसलो की. ते शेपूटही गेलं. मग बाईंनी आम्हाला एकमेकींच्या पाठीवर लिहायला लावलं. नुसतं बोटानं. एकीनं पुढं बसायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर आडवी रेघ ओढायची आणि बोट न उचलता नाव लिहायचं. पुढचीनं ओळखायचं. पाठीवर काही उमटतच नाही, तर पुसणार काय? बोट मधेच उचललं तर पाठीला लगेच कळायचं आणि पुढची म्हणायची, “तुटलं.” डोळ्याला जी तूट चुकून दिसत नाही ती पाठीला चुकत नाही. वर्गातून आणि मग अंगणाअंगणांतूनही या खेळाचं खिदळणं ऐकू यायला लागलं, आणि खिदळणं ऐकून पोरी एकेक करत परत आल्या. पंचफुला सोडून.

ती मला विहिरीवर भेटायची. एकदा पाहिलं तर तिचं बोट ओल्या कळशीवर फिरत होतं. मी विचारलं, काय लिहून राह्यली?

“माहंच नाव,” ती म्हणाली. “हे पुसलं तं कोनाले काय?”

घरी येऊन मी आईशी विनाकारण भांडले.

दिवाळी जवळ आली. घरोघरच्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून झाल्या. आमच्याकडे मग त्यावर गेरूनं वेलबुट्टी काढतात, ती पुढच्या दिवाळीपर्यंत राहते. प्रयागबाई एका सकाळी वर्गात गेरूचं गाडगं घेऊनच आल्या. तुरीच्या काड्या आणि वेचणीचा कापूस होताच. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून कुंचले केले. “चला,” म्हणाल्या, “आता नावं लेहू. दाराच्या बाजूले, ज्याचं त्याच्या घरावर. आता कोनी पुसनार नाई.”

पहिलं घर पाटलाचं. आपल्या बापाचं नाव आपणच लिहिणार म्हणून कस्तुरा हटून बसली. कुंचला हातात आला, अंगात वारं शिरलं, आणि सवयीनं तिनं आधी शेपूटच काढलं. भलं मोठं, सुरेख ‘राव’, चौकटीच्या अगदी जवळ. मग पुढचं लिहायला पाहते तर जागाच नाही. ‘कंड’ अंग चोरून बसलं आणि ‘उ’ला चढावं लागलं ते थेट लाकडी चौकटीवर. पाटील बाहेर येऊन मान वर करून पाहायला लागला. म्हणाला, “माहं डोकं चौकटीवर टांगलं काय व पोरीहो?” सारं गाव हसलं, सर्वांत मोठ्यानं पाटीलच. प्रयागबाईंनी ते बदलू दिलं नाही. पुसायचं नाही म्हणजे नाही. वर्षभर पाटलाच्या वाड्यात शिरणारा प्रत्येक जण ‘उ’खालून गेला.

मग गावात एकच झुंबड उडाली. आमच्या दारावर कवा येता, म्हणून लोक वाट अडवायचे. ज्या बायांनी पोरींना घरी बसवलं होतं त्याच गेरू कालवून ठेवायला लागल्या. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा धनसिंग नाईकही आला आणि म्हणाला, “आमच्या नावाले राव नाई. आमचं काय?” बाईंनी त्याच दुपारी आम्हाला ‘सिंग’चं शेपूट बसवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन आम्ही धनसिंग काढलं, धरमसिंग काढलं. तांड्यावरच्या रामीबाईनं आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले आणि आपली पोर वर्गात पाठवते म्हणून सांगितलं. बघता बघता प्रयागबाईंचा वर्ग वाढला.

राहिलं एकच घर. आमच्या शेजारचं.

बबनरावांचा ताप तोवर उतरला होता. हाडं तेवढी राहिली होती. दुपारी ते ओसरीवर बाज टाकून उन्हात पडायचे आणि समोरच्या दारांवरची नावं पाहत बसायचे. वाचता येत नव्हतं, पण कुणाचं दार ते ठाऊक होतंच की. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गाडगं घेऊन घरी चालले होते तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

“चंदे, साऱ्या गावाच्या दारावर नाव हाये. माह्याच दारावर नाई. पाहुना येईन अन् म्हनीन, या घरचा मेला काय?”

रुखमाबाई आत मुरमुरे भाजत होत्या. हातातली कढई खाली ठेवल्याचा आवाज आला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडाकडे पाहवेना. नाव पुसलं जाऊ नये म्हणून या बाईनं गाव डोक्यावर घेतलं होतं, आणि आता साऱ्या गावात नाव नसलेलं तिचंच दार उरलं होतं. घरी बसवलं होतं ते सुनेला, पण वगळला गेला होता नवरा. त्यांना ते त्या क्षणी कळलं असावं. मला कळलं ते मी सांगते.

“लेह्य व पोरी,” बबनराव मला म्हणाले.

मी पुढे झाले. पोतारलेल्या भिंतीवर आडवी रेघ ओढली. नाव मोजून कुठून सुरू करायचं ते पाहत होते, तेवढ्यात रुखमाबाई म्हणाल्या, “थांब. तू नोको.”

मी कुंचला मागे घेतला. वाटलं, संपलं. आता ही बाई गाडगंही उधळून देणार.

रुखमाबाईंनी आत वळून हाक मारली, “पंचफुला. भाईर ये.”

पंचफुला पदर सावरत आली. पिठाचे हात तसेच. सासूनं तिला भिंत दाखवली. “साऱ्या गावात तुहा हात चांगला हाये म्हंतेत. मंग माह्या दारावर दुसरीचा हात काहून?”

“आत्याबाई,” पंचफुला हळूच म्हणाली, “मामाजीचं नाव…”

“तोंडानं नोको घेऊ. हातानं लेह्य.”

पंचफुलेनं हात धुतले. माझ्याकडून कुंचला घेतला. दोन महिने तिनं पाटी पाहिली नव्हती. मला भीती वाटत होती की हात अडखळेल, रेघ तुटेल आणि सासूला वाटेल, नवऱ्याच्या नावातच खोट राहिली. तिनं ओठ घट्ट मिटले आणि रेघेखाली हात सोडला. बबनराव. असा गेला हात, ओढ्याला पाणी जावं तसा. शेवटी ‘राव’ तर तिला पाहावंही लागलं नाही. गेरू पुरला, कापूस पुरला, आणि शब्द तुटला नाही. आमच्या कुणाच्याच हातून असा शब्द गावातल्या कुठल्याही दारावर उतरला नव्हता. मी तिथंच ठरवलं की संध्याकाळी प्रयागबाईंना आणून हे दाखवायचं.

बबनराव उठून बसले होते. “झालं?” त्यांनी विचारलं.

रुखमाबाई भिंतीजवळ गेल्या. अगदी जवळ. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या पंचफुलेहून लहान असतील. तेव्हापासून त्या ‘अवो’ म्हणत आल्या, ‘घरचे’ म्हणत आल्या, ‘जगदेवचे बाबा’ म्हणत आल्या. ते नाव त्यांच्यासमोर साऱ्या गावानं घेतलं, मित्रांनी घेतलं, पाटलानं घेतलं. त्यांनी कधीच नाही.

“कोनतं कोनतं हाये यातलं?” त्यांनी विचारलं.

पंचफुलेनं बोटानं दाखवलं. “हे शेवटचं हाये ना, हे राव. हे साऱ्याइच्या दारावर असंच हाये. आमाले हेच आधी शिकवते बाई.”

“अन् हे पुढचं?”

“हे…” पंचफुला थांबली. “हे घरचं हाये. आपल्या मामाजीचं.”

रुखमाबाईंनी पुढच्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं. भिंतीला लागू न देता, थोडं वरूनच. मोठ्या सावकाशीनं, डावीकडून उजवीकडे, आणि ‘राव’पाशी येऊन थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. बाजेवरचे बबनराव बायकोच्या पाठीकडे पाहत होते.

“दिवाळी झाली का साळंत जाय,” रुखमाबाई सुनेला म्हणाल्या. “दयना-पान्याचं मी पाहीन. अन् मले बी शिकव.”

पंचफुलेला विश्वासच बसेना. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे. डोळे पुसले आणि लगबगीनं म्हणाली, “शिकवतो न आत्याबाई. आताच शिकवतो. पयले राव शिकाचं असते.”

“राव राहू दे,” रुखमाबाई म्हणाल्या. “राव तं साऱ्या गावात हायेत. मले हे पुढचं शिकव.”

आणि त्या तिथंच ओसरीवर, पंचफुलेच्या पुढ्यात, पोरी बसायच्या तशा पाठमोऱ्या बसल्या.